अतिकालिक वेतन आणि कौटुंबिक अर्थकारण : जळकोट परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे जाताना जळकोट हे गाव लागते. तुळजापूर तालुक्यातील हे गाव धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात मोडते. सोयाबीन, तूर, ज्वारी ही येथील नेहमीची पिके असून पावसाने दगा दिला की त्यांचे गणित कोलमडते. त्यामुळे केवळ शेतीवर वर्ष निघत नाही, आणि घरातील एखादा माणूस सोलापूर, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे कामास असणे ही या भागात नित्याची बाब झाली आहे. कोणी कंत्राटदाराकडून कारखान्यात लागतो, कोणी सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो, कोणी वाहन चालवितो, तर कोणी महामार्गावरील ढाब्यावर राबतो. त्याच्या पगाराचा आकडा गावात सर्वांना ठाऊक असतो; तो पगार किती तासांचा आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नाचा अभ्यास करताना पीक, कर्ज, दुष्काळ, स्थलांतर या घटकांचा विचार विपुल झाला आहे. अतिकालिक वेतन, म्हणजे कामगारांच्या भाषेतील ‘ओटी’, हा विषय तुलनेने उपेक्षित राहिला. तो कामगार न्यायालयाचा आणि औद्योगिक वसाहतीचा विषय आहे, असा एक समज त्यामागे असावा. वस्तुतः जादा तासांचा मोबदला योग्य दराने मिळतो की नाही, यावर घरातील कर्ज किती महिने रेंगाळेल, मुलाचे वसतिगृहाचे पैसे वेळेवर भरले जातील का, आणि कमावता माणूस घरी किती काळ राहील, या तीनही गोष्टी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे. लेखातील वेतनाची व कर्जाची उदाहरणे समजुतीसाठी गृहीत धरलेली आहेत. ती सर्वेक्षणातून आलेली आकडेवारी नव्हे.

दुप्पट दराची पार्श्वभूमी :

कामाच्या दिवसाला मर्यादा असावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित करणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून 1890 साली साप्ताहिक सुटी मिळाली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताने आपोआप पडणारी मर्यादाही नाहीशी झाली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. विजेचा दिवा हे प्रगतीचे चिन्ह मानण्याची आपली सवय आहे. गिरणीच्या चाळीतील घराला त्याचा पहिला अनुभव वेगळा आला, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये ती अकरा तास व आठवड्याला 60 तास झाली, 1934 मध्ये दहा तास व 54 तास. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांसाठी 48 तासांचा आठवडा निश्चित झाला. स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 ने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडील कामासाठी सर्वसाधारण वेतनाच्या दुप्पट दर ठरवून दिला.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. तथापि दुप्पट दराचे तत्त्व कायम राहिले. वेतनसंहिता, 2019 च्या कलम 14 मध्ये आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 च्या कलम 27 मध्ये ते स्पष्ट आहे. दुसऱ्या संहितेत कामगाराच्या संमतीखेरीज जादा काम घेता येणार नाही, अशीही तरतूद आहे.

दुप्पटच का, दीडपट का नाही, असा प्रश्न वर्गात विद्यार्थी विचारतात. आठ तासांनंतरचा नववा तास हा पहिल्या तासासारखा नसतो, हे त्याचे एक उत्तर. थकलेल्या शरीराकडून घेतलेला तास अधिक झिजविणारा असतो आणि तो विश्रांतीतून व घरातून वजा होतो. परंतु याहून महत्त्वाचे कारण मालकाच्या बाजूने आहे. दुप्पट दर हे बक्षीस नसून एक प्रकारचा बांध आहे. जादा काम महाग पडावे, म्हणजे मालक ते वारंवार न घेता नवा माणूस नेमील, हा त्यामागील हेतू होय.

बारा तासांच्या पाळीचे गणित :

हा बांध कसा काम करतो, हे साध्या गणिताने पाहता येते. एखाद्या कामगारास 26 दिवसांच्या महिन्यासाठी, दररोज आठ तासांप्रमाणे, 13,000 रुपये मिळतात असे मानावे. दिवसाचे 500 रुपये आणि तासाचे 62 रुपये 50 पैसे होतात. तोच कामगार दररोज बारा तास काम करू लागला तर महिन्यात 104 तास जादा भरतात. दुप्पट दराने त्यांचे मोल 125 रुपये ताशी, म्हणजे 13,000 रुपये. थोडक्यात, बारा तास काम करणाऱ्यास कायद्याच्या दृष्टीने सोळा तासांचे, म्हणजे दोन माणसांचे वेतन देय ठरते. जादा चार तासांची किंमत पूर्ण एका दिवसाएवढी असते. हेच तास एकपट दराने मोजले तर त्यास 6,500 रुपये अधिक मिळतात. आणि ‘ड्युटीच बारा तासांची आहे’ असे सांगून 13,000 रुपयांतच काम घेतले तर काहीच अधिक मिळत नाही, उलट तासाचा दर एकतृतीयांशाने घसरून सुमारे 41 रुपये 67 पैशांवर येतो.

यावरून एक उलटा हिशोबही करता येतो, आणि जळकोटसारख्या गावांच्या दृष्टीने तो अधिक उद्बोधक आहे. शहरातील सुरक्षारक्षकाच्या वा मदतनिसाच्या कामाची माहिती गावात येते ती बहुधा अशी : ‘बारा तास ड्युटी, पंधरा हजार पगार’. ऐकणाऱ्यास पंधरा हजार हा आकडा मोठा वाटतो. परंतु बारा तास म्हणजे सोळा तासांचे वेतन हे सूत्र लावले, तर ही प्रत्यक्षात आठ तासांना महिना 7,500 रुपयांची नोकरी ठरते. 26 दिवसांनी भागल्यास दिवसाचे सुमारे 288 रुपये येतात. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 2024-25 साठी 297 रुपये आणि 2025-26 साठी 312 रुपये होता. म्हणजे गाव सोडून, खोलीभाडे भरून, रात्रपाळी करून पत्करलेली ही नोकरी आठ तासांच्या हिशोबाने गावातील रोजगार हमीच्या दरापेक्षाही कमी मोबदला देते. हमीचे काम वर्षभर मिळत नाही आणि नोकरी दरमहा मिळते, हा फरक खराच. त्यामुळे तरुण नोकरीकडे वळतो यात त्याची चूक नाही. परंतु पगाराच्या आकड्यात दडलेले जादा तास वेगळे काढून दाखविल्याखेरीज त्या नोकरीची खरी किंमत कळत नाही.

दुसरा परिणाम रोजगाराचा आहे. चोवीस तास चालणारे एखादे यंत्र बारा तासांच्या दोन पाळ्यांत किंवा आठ तासांच्या तीन पाळ्यांत चालविता येते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग व्यवसायात बारा तासांची पाळी परिचित आहे. दुप्पट दर प्रामाणिकपणे दिला, तर दोन पाळ्यांचा खर्च 32 तासांच्या वेतनाएवढा होतो आणि तीन पाळ्यांचा 24 तासांच्या. अर्थात मालकाच्या दृष्टीनेही तीन माणसे नेमणे स्वस्त ठरते. दुप्पट दर बुडविला की हा हिशोब पालटतो आणि तिसरा माणूस घरी बसतो. जळकोटच्या बसथांब्यावर कामाच्या शोधात उभा असलेला तरुण आणि सोलापुरात वा पुण्यात बारा तास राबणारा त्याचा भाऊबंद, यांचा संबंध असा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दररोज चार तास जादा काम हे कायद्याच्या चौकटीतच बसत नाही, कारण दरासोबत तासांनाही मर्यादा आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी तिमाहीस 115 जादा तासांची मर्यादा 2015 च्या दुरुस्तीने आली होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती 144 तासांवर नेण्यास, तसेच दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. 144 तास म्हणजे महिन्याला 48, अर्थात आठ तासांचे सहा दिवस. दैनिक मर्यादा सैल झाली की जादा तास ओळखण्याचा भार आठवड्याच्या हिशोबावर येऊन पडतो, आणि आठवड्याची बेरीज दिवसाच्या बेरजेपेक्षा कामगाराच्या ध्यानात कमी राहते. वाढीव तासांमुळे उत्पन्न वाढेल, हे म्हणणे दुप्पट दर खरोखर हाती पडत असेल तेवढ्यापुरतेच ग्राह्य धरता येईल.

कर्जाचा काळ :

घराच्या दृष्टीने अतिकालिक वेतनाचे स्थान मूळ पगारापेक्षा वेगळे असते. मूळ पगार किराणा, भाडे, दवाखाना, गावी पाठवावयाची रक्कम यांत संपतो. जादा कामाचे पैसे हेच बहुधा घराचे ‘वरचे’ पैसे असतात, आणि त्यांतूनच देणे फिटते किंवा साठते. म्हणून त्यांच्या दरातील फरक एकूण उत्पन्नाच्या तुलनेत लहान दिसला तरी परिणाम मोठा करतो.

समजा, वरील कामगाराच्या घरावर बियाणे-खतासाठी किंवा लग्नकार्यासाठी काढलेले 20,000 रुपयांचे खासगी कर्ज आहे आणि व्याज दरमहा शेकडा तीन आहे. तो महिन्यातील बारा दिवस दोन-दोन तास जादा काम करतो, म्हणजे महिन्याला 24 तास. दुप्पट दराने त्याचे 3,000 रुपये होतात आणि ते सर्व कर्जफेडीस दिले जातात. अशा स्थितीत आठव्या महिन्यात कर्ज पूर्ण फिटते आणि एकूण व्याज सुमारे 2,660 रुपये जाते. हेच 24 तास एकपट दराने मोजले तर हाती 1,500 रुपये येतात. आता कर्ज फिटण्यास अठरा महिने लागतात आणि व्याज सुमारे 5,930 रुपये होते. दर निम्मा झाला तेव्हा फेडीचा काळ दुप्पट झाला नाही, सव्वादोनपट झाला. व्याजही दुपटीहून अधिक झाले. याचे कारण असे की, पहिल्या महिन्याचे व्याज 600 रुपये आहे. 3,000 मधून ते वजा जाता 2,400 रुपये मुद्दलास लागतात. 1,500 मधून केवळ 900. जादा काम फुकट घेतले गेले, तर हे 600 रुपयेही मूळ पगारातूनच काढावे लागतात आणि मुद्दल जागचे हलत नाही.

आठ महिने आणि अठरा महिने यांतील फरक कोरडवाहू भागात केवळ दहा महिन्यांचा नसतो. आठ महिन्यांत फिटलेले कर्ज पुढच्या मृगाआधी संपलेले असते आणि पेरणीसाठी पुन्हा मागण्यास तोंड राहते. अठरा महिन्यांच्या काळात मध्येच एक खरीप येतो. त्या हंगामात पाऊस चुकला, तर जुन्या कर्जावर नवे चढते.

हाच फरक वेळेच्या भाषेतही मांडता येतो. 3,000 रुपये मिळविण्यासाठी दुप्पट दराने 24 तास लागतात, एकपट दराने 48. उरलेले 24 तास, म्हणजे कामाचे तीन पूर्ण दिवस, घराला परत मिळतात. सोलापुरात राहून महिन्यातून दोनदा गावी येणाऱ्या माणसासाठी हा काळ थोडा नाही. त्या दिवसांत म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे, बांधावरची कामे, मुलाच्या शाळेत जाणे होते. तो येऊ शकला नाही तर ही कामे थांबत नाहीत. ती पत्नीच्या दिवसात जमा होतात, आणि तिच्या जादा तासांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते.

ज्यांना ‘जादा’ तासच नाहीत :

अतिकालिक वेतन मागण्यासाठी आधी नेमून दिलेला कामाचा दिवस असावा लागतो. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड जोडप्यांना असा दिवस नसतो. ‘कोयता’ म्हणून नवरा-बायको मिळून मुकादमाकडून उचल घेतात आणि मोबदला टनावर ठरतो. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते आणि गाडी भरेपर्यंत दिवस संपत नाही. काम उक्ते आहे, गुत्त्याचे आहे, असे म्हटले की तासांचा प्रश्नच पुसला जातो. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधल्या जाणाऱ्या सालगड्याचीही हीच स्थिती आहे. वास्तविक नगावर मजुरी असली म्हणून जादा तासांचा हक्क नाहीसा होत नाही. कारखाने अधिनियमाने नगावर काम करणाऱ्याच्या आधीच्या महिन्यातील पूर्णवेळ कमाईच्या दैनिक सरासरीवरून त्याचा दर काढण्याची पद्धत घालून दिली होती. ती उसाच्या फडापर्यंत पोहोचली नाही, याचे कारण गणिताची अडचण हे नसून फडावर मालक कोण, हेच कागदावर नसते, हे आहे. शेतीकामाविषयी कायद्याचा हातही पूर्वीपासून आखडता राहिला. केंद्रीय किमान वेतन नियम, 1950 मध्ये इतर कामांस दुप्पट आणि शेतीस दीडपट दर होता.

महामार्गावरील ढाबे, चहाची दुकाने, गॅरेज यांचा प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील कामाच्या तासांच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या आणि सप्टेंबर 2025 च्या निर्णयात हा आकडा वीसवर नेण्यात आला. लहान ढाबा त्यामुळे त्या कायद्याच्या बाहेर राहतो. वेतनसंहितेत मात्र आस्थापनेच्या आकाराचा असा उंबरठा नाही. किमान वेतन ठरलेल्या कामगाराकडून नेमलेल्या दिवसापेक्षा अधिक काम घेतल्यास दुप्पट दर देय आहे, मग ढाब्यावर चार माणसे असोत वा चाळीस. ही तरतूद भट्टीपाशी उभ्या असलेल्या मुलाला माहीत असण्याची शक्यता फार कमी आहे; त्याच्या मालकालाही ती माहीत असेलच असे नाही.

न्यायालयाची भूमिका :

दुप्पट दर संकटकाळात बाजूला ठेवता येईल का, याचा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. टाळेबंदीच्या काळात, 17 एप्रिल 2020 रोजी, गुजरात शासनाने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांचा दिवस व 72 तासांचा आठवडा यांची मुभा दिली आणि जादा तासांचे वेतन एकपट प्रमाणातच देण्याची सवलत दिली. गुजरात मजदूर सभा विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ही अधिसूचना रद्द ठरविली आणि त्या काळात जादा काम केलेल्या पात्र कामगारांना कायद्यानुसार अतिकालिक वेतन देण्याचा आदेश दिला. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी ही कायद्यास अभिप्रेत असलेली ‘सार्वजनिक आणीबाणी’ ठरत नाही, आणि तिचा भार एकट्या कामगारावर टाकता येणार नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय. त्यापूर्वी 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 खालील वेठबिगार ठरते, असे म्हटले होते. जादा तास मोजल्यावर ज्याचे वेतन किमान दराच्या खाली घसरते, त्याच्याबाबत हा निर्णय आजही विचार करण्यास लावणारा आहे.

रास्त दराच्या मर्यादा व नोंदीचा प्रश्न :

दुप्पट दर मिळाला म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी व उपदान यांच्या हिशोबात अतिकालिक वेतन धरले जात नाही. जुन्या कायद्यांत धरले जात नव्हते आणि नव्या संहितांतही वेतनाच्या व्याख्येतून ते वगळलेले आहे. वीस वर्षे जादा काम करून घर चालविणाऱ्या माणसाच्या निवृत्तीच्या रकमेत त्या तासांचा एक रुपयाही नसतो. मूळ पगार कमी ठेवून ‘ओटी भरपूर मिळेल’ असे आश्वासन देणारी नोकरी म्हणूनच घराने सावधपणे पारखावयास हवी. मागणी घटली की सर्वप्रथम ओव्हरटाइम बंद होतो, आणि त्याच्या भरवशावर घेतलेल्या मोटारसायकलचा हप्ता मात्र चालू राहतो.

दर कोणत्या रकमेवर दुप्पट करावयाचा, यातही खाचखळगे आहेत. केवळ मूळ वेतन दुप्पट करून महागाई भत्ता गाळण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. वेतनसंहितेच्या व्याख्येत मूळ वेतनाबरोबर महागाई भत्ता येतो. घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते वगळले जातात, पण वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग पुन्हा वेतनातच मोजावा लागतो. भत्त्यांच्या नावाखाली मूळ वेतन कृश ठेवण्याच्या प्रथेला त्यामुळे काही आळा बसेल.

सर्वांत कच्चा दुवा नोंदीचा आहे. जादा तासांचे पैसे पाकिटातून, पावतीविना, ‘कच्च्या’ हिशोबाने देण्याची रीत कामगारालाही सोयीची वाटते. पुढे वाद झाल्यावर त्याच्या हाती काहीच राहत नाही. वेतनसंहितेनुसार मालकाने वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो. दावा दाखल झाल्यावर रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास मूळ आस्थापनेस ते द्यावे लागते. तरीही आपण अमुक दिवशी अमुक तास कामावर होतो, एवढे कामगारास सांगता आले पाहिजे. आल्या-गेल्याची वेळ दररोज लिहिलेली साधी वही येथे उपयोगी पडते. परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील वा भाऊ अशा कामावर आहेत. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गात वेतनाचे प्रकरण शिकविताना घरातील एका वेतनचिठ्ठीवरून तासाचा दर काढून आणण्यास सांगितले, तर त्यासाठी अभ्यासक्रमात कोणताही बदल करावा लागणार नाही. ज्यांच्या घरी अशी चिठ्ठीच नाही, त्यांनी ती का नाही एवढे विचारून यावे.